घरचे सोबती : न्यूट आणि आपला उन्हाळा

काचेच्या टाकीतील सोनमासे पाहून मुलांचे मन भरले, की त्यांना काही निराळे हवेसे वाटू लागते. त्यातच कोठे चित्रफितीत लाल पोटाचा न्यूट पाहण्यात आला, की घरी हट्ट सुरू होतो. हा प्राणी घरात निरोगी ठेवता येतो काय, आणि त्यासाठी गृहस्थाने काय पत्करावे लागते, याचा विचार या वेळी करू.

न्यूट दिसतो पालीसारखा, पण तो पालीच्या कुळातला नव्हे. बेडकाप्रमाणे तोही उभयचर आहे. अंगावर खवले नाहीत, कातडी पातळ व ओलसर. पाळण्यात येणाऱ्या जातींपैकी चिनी न्यूट बोटभर लांबीचा, तर जपानी त्याहून थोडा मोठा असतो. दोघांचीही पाठ काळसर आणि पोट तांबडे असते. हा तांबडा रंग शत्रूला दिलेला इशारा होय; कारण याच्या कातडीत विष असते.

या प्राण्याची एक शक्ती थक्क करणारी आहे. तुटलेला पाय त्याला पुन्हा फुटतो. जपानी न्यूटच्या डोळ्यातील भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढले, तरी प्रत्येक वेळी ते नव्याने तयार झाले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. त्या न्यूटांचे वय अखेरीस ३० वर्षांच्या घरात होते. म्हणजे आज चौथीतल्या मुलासाठी आणलेला न्यूट त्या मुलाच्या लग्नातही घरात असू शकेल. मूल शिक्षणासाठी परगावी गेले, की त्याची निगा आईवडिलांकडेच येणार, हे आधीच ध्यानी घ्यावे.

एवढा चिवट प्राणी उकाड्यापुढे मात्र हतबल होतो. त्याला १६ ते २० अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २४-२५ अंशांपुढे तो अन्न सोडतो, त्याची रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि बुरशी व जंतू त्याला ग्रासतात. ग्वाल्हेरची थंडी त्याला सुखाचीच वाटेल. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे वैशाखात खोलीतले साठवलेले पाणी सहज ३० अंशांच्या पुढे जाते. बेळगावची हवा त्या मानाने सौम्य, तरी एप्रिल-मे तेथेही कठीणच.

यावर एक उपाय आपल्या माठानेच शिकविला आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडला, की बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश उतरते. कोरड्या हवेच्या माळव्यात हा उपाय बरा लागू पडतो. गोव्याच्या दमट हवेत त्याचा उपयोग थोडा. उडालेल्या पाण्याची भर मात्र रोज घालावी लागते. बर्फाचे तुकडे थेट टाकू नयेत. तापमान एकदम खालीवर होणे हेही त्याला घातक आहे. टाकी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीशी, ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी.

दुसरी गोष्ट पाण्याच्या शुद्धतेची. जोडीसाठी दोन फूट लांबीची टाकी असावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे. न्यूटच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचविणारे उपयुक्त जिवाणू गाळणीच्या स्पंजमध्ये वाढण्यास महिना-दीड महिना लागतो. म्हणून प्राणी आणण्यापूर्वी टाकी तितके दिवस चालू ठेवावी. पुढे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. प्रवाह मंद हवा. हायड्रिलासारखी पाणवनस्पती लावावी, बसावयास पाण्याबाहेर डोकावणारा दगड ठेवावा आणि वर जाळीचे घट्ट झाकण असावे. कारण न्यूट ओल्या काचेवरून चढून निसटतो आणि कोपऱ्यात वाळून मरतो.

आहार जिवंत वा गोठविलेल्या किड्यांचा. खत-औषध न मारलेल्या मातीतील गांडुळाचे तुकडे उत्तम. मोठ्या न्यूटला आठवड्यातून दोन-तीन वेळा अन्न पुरते. उरलेले लगेच काढावे. तो कात टाकून ती स्वतःच खातो. त्याने घाबरून जाऊ नये.

अन्न सोडणे, अंग फुगणे, कातडीवर व्रण वा कापसासारखी बुरशी येणे, एरवी पाण्यात रमणाऱ्याने सारखे बाहेरच बसणे, ही दुखण्याची लक्षणे होत. अशा वेळी प्रथम पाणी व तापमान तपासावे. माशांची औषधे आपल्या मनाने घालू नयेत; त्याची कातडी सारे शोषून घेते. त्याच कारणाने त्याला हातात घेऊन खेळविणेही टाळावे आणि टाकीत हात घातल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

आपल्या देशातही दार्जिलिंग-सिक्कीमच्या डोंगरतळ्यांत न्यूट आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. सहलीला गेल्यावर त्याला पाहावे, आणावयाचा विचारही करू नये. परदेशी न्यूटही कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडणे, अथवा टाकीचे पाणी ओढ्यात-विहिरीत ओतणे, हा अपराधच समजावा. न्यूटांच्या व्यापाराबरोबर आशियातून युरोपात गेलेली एक बुरशी २०१३ साली ओळखली गेली. तिने नेदरलँड्समधील सॅलॅमँडर जवळजवळ नाहीसे केले.

तेव्हा हट्ट धरणाऱ्या मुलाला एक सोपा प्रयोग द्यावा. रिकामी टाकी पाण्याने भरून वनस्पती लावावी, थर्मामीटर टांगावा आणि मे महिनाभर दुपारी तीन वाजता आकडा वहीत टिपावयास सांगावे. पंखा लावूनही आकडा २२ च्या आत राहत नसेल, तर उत्तर त्या वहीतच मिळेल. त्या टाकीत गप्पी मासे सोडावेत. त्यांना आपला उन्हाळा सोसतो, आणि महिनाभर राखलेले पाणीही वाया जात नाही.