परक्यासाठी टाकलेला शब्द

८ ऑगस्ट १९८८ रोजी ब्रह्मदेशातील विद्यार्थी लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले. भिक्षू व कामगार त्यांना मिळाले. लष्कराने तो उठाव गोळ्यांनी चिरडला. १९९० च्या निवडणुकीचा कौल त्याने पायदळी तुडविला आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी पुनश्च तेच केले.

'हा त्यांचा घरगुती प्रश्न' असे म्हणून स्वस्थ बसणे आम्हांस मान्य नाही. १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल तुरुंगवास झाला, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी मॅक्समुल्लरने, एका परक्याने, शब्द टाकला होता. ते ऋण फेडावयाचे तर ज्या ब्रह्मदेशात, मंडाले येथे, लोकमान्यांनी पुढे सहा वर्षे कारावास भोगला, तेथील राजबंद्यांच्या मुक्ततेची मागणी महाराष्ट्राने केली पाहिजे. आणि भारत सरकारने ती लष्करशहांना स्पष्ट शब्दांत ऐकविली पाहिजे.