गुप्त खजिना नव्हे, उघडा वारसा

पिप्रहवा स्तूपात १८९८ मध्ये तथागतांच्या अस्थिधातूंसोबत निघालेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघणार होती. भारत सरकारने नोटीस बजावली, जगभरातील बौद्धांनी आवाज उठवला आणि लिलाव थांबला. पुढे गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली आणि जुलैअखेर रत्ने मायदेशी परतली. एखाद्या रहस्यकादंबरीत शोभावा असा हा घटनाक्रम!

अशा कादंबऱ्या आणि वेबसिरीज आज आपले तरुण आवडीने वाचतात, पाहतात. पुरलेली मंजूषा, सांकेतिक शिलालेख, दोन हजार वर्षे रहस्य जपणारा गुप्त संघ, असा त्यांचा ठरलेला मसाला असतो. करमणुकीला आमची हरकत नाही. मात्र बौद्ध वारसा म्हणजे मूठभरांनी दडवलेले गुपित, ही समजूत त्यातून रुजते. तिला आमची हरकत आहे.

सम्राट अशोकाच्या 'नऊ अज्ञात पुरुषां'चेच पाहा. अशोकाने सारे ज्ञान नऊ जणांच्या हवाली करून लपवले, असे संदेश आजही इतिहास म्हणून फिरतात. ही कल्पना गाजवली ती टॅलबट मंडी या लेखकाच्या १९२३ मधील कादंबरीने. अशोकाच्या शिलालेखांत मात्र या नऊ जणांचा उल्लेखही नाही. उलट आपल्या सोपारा बंदरात त्याने लोकांच्या भाषेत, धम्मलिपीत, सर्वांना दिसतील असे लेख कोरवले. त्यांतील आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये मिळाला. ज्ञान लपवणारा राजा ते दगडावर कशाला कोरेल?

तथागतांनी तर महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला स्पष्ट सांगितले होते की, आपल्या शिकवणीत आचार्यमुष्टी नाही, म्हणजे मूठ झाकून ठेवलेले काही नाही.

याच सोपाऱ्यात लोक ज्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत, ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खणले. आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेल्या मंजूषा, भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे आणि भोवती आठ बुद्धमूर्ती मिळाल्या. कोणताही संकेत उलगडावा लागला नाही. लागली ती चिकाटी, मोजमाप आणि नोंद.

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे या. दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. म. न. देशपांडे यांचा त्यांवरील ग्रंथ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. आधी थेरवादी भिक्षूंचा निवास, मग वज्रयान, पुढे नाथपंथ आणि गाणपत्य असे थर तिथे आहेत. महाचंडरोषणाची वज्रयानी मूर्तीही तिथेच आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. तिथे अभिवादनाला जाणाऱ्यांपैकी किती जण पन्हाळेकाजीला वाट वाकडी करतात?

रहस्यकथेची नजर इथे दोन बाजूंनी घात करते. गुप्तधनाच्या लोभाने कुणी जुनी वास्तू उकरतो, तेव्हा वस्तू कोणत्या थरात होती हा पुरावाच कायमचा नष्ट होतो. दुसरीकडे आपलेच काही उत्साही कार्यकर्ते पुराव्याविना प्रत्येक जुन्या देवळाखाली विहार असल्याचे जाहीर करतात. एक दावा खोटा ठरला की शंभर खऱ्या दाव्यांची खिल्ली उडते. पन्हाळेकाजीत धर्मांतराचे थर दगडावर दिसतात. तिथे कटकथा रचण्याची गरजच नाही.

म्हणून युवकांना आमचे आवाहन आहे. धम्मलिपी शिका. लेण्यांची छायाचित्रे तारखेसह जपा. पडझड किंवा अतिक्रमण दिसल्यास पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा, उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार वापरा. जमिनीत काही सापडले तर हात न लावता जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानेही सापडलेल्या ठेव्याची माहिती त्यांना देणे बंधनकारक आहे. कादंबरी खुशाल वाचा, पण ती मिटल्यावर 'पुरावा काय?' हा प्रश्न विचारा. 'एहिपस्सिको', या आणि पाहा, असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांना हाच प्रश्न शोभतो.