पडद्यावरच्या फडाला पंच हवा

या सदरात एरवी पित्त, मधुमेह, उन्हाळी लागणे, कुत्रा चावल्यावर काय करावे, असे विषय असतात. आजचा विषय व्हिडिओ गेमवरच्या मारामारीच्या स्पर्धा हा आहे. यात डॉक्टरचे काय काम, असे कोणीही विचारील. थोड्या दिवसांपूर्वी मलाही तसेच वाटत होते.

झाले असे. तालुक्याच्या गावी एका पत्र्याच्या हॉलमध्ये 'टेकन' या खेळाची स्पर्धा भरली होती. रात्री साडेअकराला चार पोरे एका १५ वर्षांच्या मुलाला उचलून दवाखान्यात घेऊन आली. खेळता खेळता त्याला फीट आली होती. माझ्यापर्यंत येईतो झटके थांबले होते, पण जीभ दाताखाली सापडली होती आणि अंगाला कांद्याचा वास येत होता. हुंगवायला घेतलेली चप्पल एका पोराच्या हातात अजून तशीच होती. मुलाचे आईवडील कोयता घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. ती धापा टाकत मागून आली. मी तिला एकच प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर याच्या हाताला झटका बसतो का? ती म्हणाली, "व्हय डागदर, चहाची बशी हातातून उडती. म्या म्हणते, नीट धर की लेकरा."

हाच मुलगा सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे येऊन गेला होता. 'हात उडतो' अशी तक्रार होती. मी अशक्तपणा म्हणून बी-कॉम्प्लेक्स लिहून दिले होते. त्या दिवशी ओपीडीला गर्दी होती, हे खरे. पण ते काही कारण झाले नाही. आजीने पिशवीतून जुना कागद काढून दाखवला, त्यावर अक्षर माझेच होते.

वयात येताना सुरू होणारा अपस्माराचा हा एक ठरावीक प्रकार आहे. झोपेतून उठल्यावर तासाभरात हाताला बारीक हिसके बसतात, कप पडतो, ब्रश उडतो. घरचे म्हणतात पोरगे धांदरट आहे. पुढे एखाद्या दिवशी मोठी फीट येते. ती बाहेर काढणाऱ्या गोष्टींत जागरण पहिले. यातल्या बऱ्याच मुलांना लखलखत्या प्रकाशाचाही त्रास होतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन' या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि त्या संध्याकाळी जवळपास ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावे लागले. व्हिडिओ गेम सुरू होताना पडद्यावर जी सूचना येते, ती आपली मुले बटण दाबून पुढे ढकलतात. मात्र खेळामुळे अपस्मार होतो, असा अर्थ कोणी काढू नये. आजार मुलात आधीच असतो, खेळ त्याला ठिणगी लावतो. आमच्या या मुलाने 'सराव' म्हणून सलग दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता आणि स्पर्धेच्या दिवशी दुपारपासून दोन वडापाव एवढेच पोटात होते.

दुसऱ्या दिवशी गावातली चार वजनदार माणसे निवेदन घेऊन आली. या स्पर्धांवर बंदी घाला, अशी मागणी होती आणि त्यावर डॉक्टर म्हणून माझी सही हवी होती. मी केली नाही. त्यांना राग आला आणि तो अजून गेलेला नाही, म्हणून माझे कारण इथे जाहीरपणे मांडतो.

मी अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो, त्या काळात गावोगावी स्टँडजवळ व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. १९९१ साली आलेला 'स्ट्रीट फायटर २' तिथे चाले, रुपयाला एक टोकन. बंद करा म्हणून तेव्हाही ओरड झाली. मशिने समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत गेली, एवढाच फरक पडला. आणि मागच्या खोलीत पैजा होत्या, बिड्या होत्या, विचारणारे कोणी नव्हते. आता तर खेळ प्रत्येकाच्या खिशात आहे. उघड्यावर, दिव्याखाली, चार मोठ्या माणसांदेखत होणारी स्पर्धा मला मागच्या खोलीपेक्षा बरी वाटते. शिवाय हा खेळ आता पोरकटही राहिलेला नाही. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर' पदकाचा खेळ होता आणि आपले दोन खेळाडू त्यात उतरले होते. २०१९ साली लास वेगासच्या 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेत टेकनचे विजेतेपद लाहोरच्या अर्सलान ॲशने नेले. लाहोरच्या गल्लीतला मुलगा तिथवर जातो, हे आमच्या पोरांना तोंडपाठ आहे.

निवेदनवाल्यांच्या मागोमाग स्पर्धा भरवणारी पोरे आली. चेहरे उतरलेले. त्यांनी नियमांचा छापील कागद पुढे ठेवला. तो वाचून मी खरोखर चकित झालो. तीन फेऱ्या जिंकेल त्याचा एक डाव. तीन डावांत दोन जिंकेल तो पुढे, अंतिम सामना पाच डावांचा. एकदा हरलेल्याला लगेच घरी पाठवायचे नाही, हरलेल्यांचा वेगळा गट लावायचा. दुसऱ्यांदा हरला की बाद. जिंकणाऱ्याने आपला गडी बदलायचा नाही, हरणाऱ्याला बदलता येतो. बटणांचा कंट्रोलर स्वतःचा आणायचा, त्यात आपोआप ठोसे मारणारी खोटी सोय नको. खेळ चालू असताना पॉजचे बटण दाबले गेले, मग चुकून का होईना, ती फेरी गेली. आमच्या ग्रामपंचायतीच्या सभेला इतके बारीक नियम असते तर किती बरे झाले असते!

पण त्या दोन पानांत खेळणाऱ्या मुलाच्या शरीराबद्दल एक ओळ नव्हती.

आपल्या मातीतली कुस्ती पाहा. जत्रेच्या फडात जोड लावताना वय, वजन, अंगकाठी बघतात, पोराचा हात धरून पंच त्याला न्याहाळतो, मगच सलामी. दुखावला तर कुस्ती थांबवतात. पंचाचा मान मोडला की काय होते, हेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत निर्णयावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत गोष्ट गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. आमच्या हॉलमध्ये पंच होता तो १९ वर्षांचा, आणि तोही पुढच्या फेरीत खेळणारा. त्याने मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचे कधी?

मी त्या कागदाच्या मागे माझ्या हाताने लिहून दिले. नाव नोंदवताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा : कधी फीट आली होती का, आणि सकाळी हातातून वस्तू उडतात का? यातल्या एकालाही 'हो' म्हणणारा मुलगा डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय पडद्यासमोर बसणार नाही. १८ वर्षांखालच्या मुलाच्या घरच्या मोठ्या माणसाशी फोनवर बोला. बाप फडावर असेल तर फडावर लावा, तिथेही मोबाईल आहे. अंधार करून खेळवू नका, हॉलचे दिवे चालू ठेवा, खुर्ची पडद्यापासून लांब. डोळ्यांपुढे लखलखून विचित्र वाटू लागले तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचे. नुसते डोळे मिटून भागत नाही. तासाला दहा मिनिटे सगळ्यांनी उठायचे. अंगठ्याच्या बुडाशी मनगट दुखत असेल तर त्या दिवशीचा खेळ संपला, कारण तिथली सूज पुढे महिनोन्‌महिने पिडते. थंड डब्यातली उत्तेजक पेये विकायची नाहीत, पाण्याचा माठ ठेवायचा.

पंच न खेळणारा हवा आणि कोणाला फीट आली तर त्याने काय करायचे, हे त्याला पाठ हवे : कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचे, घड्याळ बघायचे. तोंडात चमचा नको, कांदा नको, चप्पल तर नकोच. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

पैजांबद्दलही बोललो. स्पर्धेची प्रवेश फी आणि बक्षीस याला २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात जागा आहे, पैजेला नाही. त्या रात्री मागच्या खुर्च्यांवर पाचशे-पाचशे लागले होते, असे पोरांनीच सांगितले. पोर थकले तरी त्याला उठू देत नाहीत ते हेच लोक.

सगळे मान्य झाले. अडले ते वेळेवर. मी म्हटले, रात्री नऊनंतर एकही सामना नको. पोरे म्हणाली, सर, दिवसा हॉलचे भाडे दुप्पट आहे. खरे आहे. पण मी इथे एक तासही सोडायला तयार नाही, कारण त्या मुलाला पाडले ते पडद्याइतकेच जागरणाने. निवेदनावर सही मागायला आलेल्यांपैकी दोघांची स्वतःची मंगल कार्यालये आहेत. त्यांनी रविवारी सकाळचा हॉल निम्म्या भाड्याने दिला, तर बंदीच्या अर्जापेक्षा मोठे काम होईल.

मुलाला मेंदूच्या आलेखासाठी अंबाजोगाईला पाठवले, गोळ्या सुरू झाल्या. बापाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, उचल घेतलीय, टोळी सोडून येता येत नाही. आजीला समजेल असं सांगा." गोळ्या काही वर्षे रोज घ्यायच्या आहेत, बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे मी आजीला तीनदा सांगितले. तिने रात्रीच्या गोळीसाठी देव्हाऱ्याजवळची जागा ठरवली आहे. सकाळची बशी आता उडत नाही.

परवा तो तपासायला आला होता. जाताना दारात थांबून विचारले, "सर, मी पुन्हा कधी खेळू?" मी त्याला सांगितले की आलेख पुन्हा काढू, तोवर पडद्यासमोर बसायचे नाही, पण या खेळात न खेळणाऱ्या पंचाची जागा रिकामी आहे आणि त्याला तर सगळे नियम पाठ आहेत. पडद्याकडे पाठ करून बसायचे, खेळणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. तो म्हणाला, विचार करतो.