लॉसलेस गाणी, महागडी केबल आणि डोळे मिटून केलेली चाचणी

सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने लॉसलेस ऑडिओ आणला. ॲपल म्युझिकमध्ये तो २०२१ पासूनच आहे. लॉसलेस म्हणजे फाइल लहान करताना गाण्यातला एकही बिट न गमावणं. हे तंत्र खरं आहे, त्यात फसवणूक काहीच नाही. पण त्याच्या मागोमाग एक वेगळंच दुकान उघडतं: ‘ऑडिओफाइल’ लॅन केबल, ‘ऑडिओफाइल’ नेटवर्क स्विच. हे लावलं की स्ट्रीमिंगचा आवाज म्हणे ‘मोकळा’ होतो.

परवा एका मित्राने मला अशाच एका केबलची लिंक पाठवली. किंमत एका बऱ्या स्मार्टफोनएवढी. खाली प्रश्न, ‘‘घेऊ का रे?’’ नेटवर्कवरून डेटा पाठवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे त्याला सविस्तर उत्तर दिलं. तेच इथे देतोय.

गाणं इंटरनेटवरून येताना त्याचे छोटे तुकडे होतात. लॅन केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यासोबत ३२ बिटांची एक पडताळणी-संख्या असते. वाटेत एक बिट जरी बदलला तरी हिशोब जुळत नाही आणि तो तुकडा फेकून दिला जातो. मग टीसीपी हा नियमसंच तोच तुकडा पुन्हा मागवतो. सगळे तुकडे आधी मेमरीत जमा होतात आणि तिथून गाणं वाजतं. त्यामुळे केबल खराब असेल तर गाणं अडकेल, थांबेल. पण ‘बास जरा पातळ वाटतोय’ असं होणार नाही. तुमचं यूपीआय पेमेंटही याच राउटरमधून जातं. स्वस्त केबलमुळे ५०० रुपयांचे कधी ४९५ झालेत का?

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कसा? ते खोटं बोलत नाहीत. आवाज कानाने पकडला तरी तो ‘ऐकतो’ मेंदू, आणि मेंदूला किंमत आधीच माहीत असते. शिवाय दोनपैकी एक आवाज किंचित मोठा असला, तरी तोच जास्त चांगला वाटतो. म्हणून चाचणी घ्यायची ती काय वाजतंय हे न सांगता.

अशा चाचण्या झाल्या आहेत. २००७ मध्ये ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी हाय-रिझोल्यूशन आवाज थेट आणि सीडीच्या दर्जावर उतरवून, असा दोन्ही प्रकारे ऐकवला. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला, तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला. प्रशिक्षित श्रोत्यांचा साधारण ६० टक्के. म्हणजे फरक शून्य आहे असं मीही म्हणणार नाही. पण ‘डोळ्यांवरचा पडदा सरकला’ अशी जाहिरात करण्याएवढा तो नक्कीच नाही.

फक्त केबलवालेच असं करतात असंही नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या मेरिडियन कंपनीने एमक्यूए नावाचा फॉरमॅट जाहीर केला. दावा असा की लहान फाइलमधून थेट स्टुडिओतला आवाज मिळेल. टायडल या स्ट्रीमिंग सेवेने तो घेतला. डॅकवर खास दिवा लागला की समजायचं, आवाज ‘अस्सल’ आहे. पण गाणं एमक्यूएमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती नव्हतं, मग तपासणार कसं? २०२१ मध्ये एका यूट्यूबरने चाचणीचे सिग्नल मिसळलेली गाणी टायडलवर चढवली आणि जे परत आलं ते मूळ फाइलशी ताडून पाहिलं. जुळलं नाही. एमक्यूए कंपनीचं म्हणणं होतं की असे सिग्नल म्हणजे संगीत नव्हे. पण २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए काढून सरळ फ्लॅक हा खुला लॉसलेस फॉरमॅट ठेवला. ज्यांनी त्या दिव्यासाठी जास्तीचे पैसे मोजले होते, त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येऊ. सीडी दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. लॉसलेसमध्ये फाइल दाबून हा आकडा बराच खाली येतो, पण ब्लूटूथचे नेहमीचे कोडेक तेवढंही पूर्ण नेत नाहीत. एलडॅकसारखा वरच्या दर्जाचा कोडेकसुद्धा जास्तीत जास्त ९९० किलोबिटवर थांबतो आणि आवाजातला काही भाग गाळतोच. म्हणजे बहुतेक वायरलेस इअरबड्सवर लॉसलेस गाणं कानापर्यंत लॉसलेस पोचतच नाही. हे स्पॉटिफाय आणि ॲपल स्वतःच सांगतात, फक्त जाहिरातीत ठळकपणे नाही.

आवाज खरंच बदलतो तो इतर ठिकाणी: हेडफोन कोणता आहे, इअरबडचं रबर कानात नीट बसतंय का, खोली कशी आहे आणि गाणं मुळात रेकॉर्ड कसं झालंय. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा.

आणि विकत घेण्याआधी एक चाचणी करा. दोन्ही आवाजांची पातळी सारखी ठेवा. मित्राला नाणं उडवून ठरवू दे की कोणता आवाज वाजवायचा. तुम्ही पाठ करून बसा आणि दहा वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा १० बरोबर येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का असते. तेवढी आली, तर खुशाल घ्या.

‘‘तुझे कान अजून तयार झालेले नाहीत,’’ असं कुणी म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका. त्यालाही हीच चाचणी द्यायला सांगा. माझ्या मित्राने ती दिली, घरातल्या साध्या केबलसमोर त्याच दुकानातली डेमो केबल लावून. दहापैकी पाच बरोबर आली. लिंक त्याने डिलीट केली.