घरात कुणाला भूल उतरायला वेळ लागला होता का?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी रुग्णाला तपासायला जातो, तेव्हा नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, शुद्धीवर येईल ना?" माझा उलट प्रश्न मात्र त्यांना विचित्र वाटतो: तुमच्या घरात कुणाला भूल उतरायला फार वेळ लागला होता का?

पूर्ण भूल देताना नुसते झोपेचे औषध पुरत नाही. श्वासनलिकेत नळी घालायची तर जबडा सैल हवा, पोट उघडायचे तर पोटाचे स्नायू ढिले हवेत. त्यासाठी स्नायू शिथिल करणारे इंजेक्शन देतात. त्याने छातीचे स्नायूही थांबतात. तेवढा वेळ रुग्णाचा श्वास आम्ही चालवतो. (भूलतज्ज्ञ नुसता उशाशी बसून असतो, असे समजणाऱ्यांसाठी हे सांगितले!)

यातले स्कोलीन हे औषध झटपट काम करते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते, कारण रक्तातले एक एन्झाइम त्याचा निकाल लावते. काही थोड्या लोकांत हे एन्झाइम जन्मतःच सदोष असते. त्यांच्यात तेच औषध काही तास उतरत नाही. आर्य वैश्य समाजात हा दोष अधिक आढळतो, अशी नोंद आपल्याच देशातील डॉक्टरांनी केली आहे. पण तो कोणाच्याही घरात असू शकतो.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. टाके पडले, पण पोरगा श्वास घेईना. आम्ही त्याला झोपेतच ठेवून चार तास कृत्रिम श्वास दिला. बाहेर रडारड सुरू झाली होती. संध्याकाळी तो स्वतः श्वास घेऊ लागला. मग आई म्हणाली, "थोरल्याचं हर्नियाचं केलं तवाबी असंच झालतं. बरा झाला, म्हून न्हाई सांगितलं."

त्या माउलीला काय बोलणार? थोरल्याचे डिस्चार्ज कार्ड मी मागवून पाहिले. त्यात हर्निया होता, गोळ्या होत्या. भुलेबद्दल अवाक्षर नव्हते. दोष आमच्या व्यवसायाचा आहे. असे काही घडले, तर औषधाच्या नावासह लिहून देणे हे आमचे काम आहे आणि ते मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. आधी कळले तर घाबरण्यासारखे काही नाही. रक्त तपासून हा दोष कळतो आणि स्कोलीनऐवजी दुसरी औषधे वापरता येतात.

हा दोष आई-वडील दोघांकडून येतो. ते स्वतः धडधाकट असतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. नात्यात लग्न झालेले असेल तर शक्यता वाढते. एका मुलात तो निघाला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारण चारात एक असते.

दोन्ही भावांना मी चिठ्ठ्या लिहून दिल्या. धाकट्याने ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. बहिणीचे रक्त तपासायला सांगितले होते. ती अजून आलेली नाही.