एक व्होल्ट, एक सेंटिमीटर

बारावीच्या शिकवणीत अणूचा धडा संपला की मी मुलांना विचारतो : ग्राउंड स्टेटमधल्या हायड्रोजनवर 11 इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन पडला, तर काय होईल? उणे 13.6 भागिले एनचा वर्ग, हे सूत्र सगळ्यांना तोंडपाठ. तरी बरेच जण म्हणतात, ‘सर, 10.2 वापरून इलेक्ट्रॉन वर जाईल, 0.8 शिल्लक राहतील.’ हिशेब बरोबर, भौतिकशास्त्र चूक. फोटॉन शोषायचा तर अख्खा. 11 व्होल्टला तिथे पातळीच नाही. पुढची आहे 12.09 वर. म्हणून अणू तो घेतच नाही. पण फोटॉनऐवजी 11 व्होल्टचा इलेक्ट्रॉन आदळला, तर तो 10.2 देऊन उरलेले घेऊन खुशाल पुढे जाऊ शकतो. फ्रांक आणि हर्ट्झ यांनी 1914 मध्ये पाऱ्याच्या वाफेत इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा ते 4.9 व्होल्टच्या ठरावीक घासांनीच ऊर्जा गमावताना दिसले.

हा फरक सूत्रातून कळत नाही, आकृतीतून कळतो. आणि आकृती म्हणजे गाइडातली सारख्या पायऱ्यांची शिडी नव्हे. मी आलेख कागद काढायला लावतो. वर शून्याची रेघ, म्हणजे सुटलेला इलेक्ट्रॉन. एक व्होल्टला एक सेंटिमीटर. पहिली पातळी 13.6 सेंटिमीटर खाली, दुसरी 3.4, तिसरी 1.51, चौथी 0.85. पुढच्या रेघा इतक्या दाटत जातात की शेवटी पेन्सिलीचं टोक पुरत नाही. उणे चिन्ह कशाला, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही. तिसरीवरून दुसरीवर उडी 1.89 व्होल्टची, तरंगलांबीसाठी 1240 ला तिने भागा, 656 नॅनोमीटर, लाल रेषा. बामर या शाळामास्तरांनी 1885 मध्ये हायड्रोजनच्या अशा रेषांचं सूत्र निव्वळ आकड्यांशी झटून काढलं; त्यामागचं कारण बोरनं 1913 मध्ये सांगितलं.

रेषा दिसणंही आता अवघड झालंय. घरोघरी एलईडी, जुन्या सीडीवर त्याचा उजेड पाडला तर रंग एकमेकांत मिसळलेलेच दिसतात. माळ्यावर सीएफएल सापडला तर जरूर जपून ठेवा, त्यात पाऱ्याची निळी-जांभळी रेषा वेगळी उठून दिसते.

सीईटीत भौतिक-रसायनचे 100 प्रश्न 90 मिनिटांत उरकायचे असतात. तिथे मूल सूत्रात आकडे टाकून पुढे पळणारच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बोर्डाच्या पेपरात मात्र लिहायला जागा आहे. ‘बोरची गृहीतके लिहा’ऐवजी एकदा ‘पहिल्या पाच पातळ्या प्रमाणात काढा आणि 11 व्होल्टच्या फोटॉनचे काय होईल ते सांगा’ असं विचारून बघावं. तीन गुण ठेवावेत, त्यातला एक निव्वळ अंतरांना.