सी-ड्राइव्हचं बिऱ्हाड

मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना शिफ्टिंगचं काय कौतुक! अकरा महिने झाले की ॲग्रीमेंट संपतं. मग खोके, सेलोटेप, टेम्पो आणि नव्या घरात पोहोचल्यावर ‘अगं, गॅसचा रेग्युलेटर कुठल्या खोक्यात?’ माझं हे चार वेळा करून झालंय. त्यामुळे लॅपटॉपमधली विंडोज जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर हलवायचं ठरलं, तेव्हा मी एकदम बिनधास्त होते. इथे तर टेम्पोही लागणार नव्हता!

लॅपटॉप 2018 चा. पहिल्या नोकरीत ईएमआयवर घेतलेला. चेहऱ्याने अजून बरा, पण सुरू व्हायला चार मिनिटं. बटण दाबायचं, चहा टाकायचा, गाळायचा, अर्धा प्यायचा... तोवर डेस्कटॉप दिसायचा. ब्राउझर उघडेपर्यंत उरलेला अर्धा कप संपायचा. ‘नवीन घे ना बाई’, सगळ्यांचा एकच सल्ला. पण खरं सांगू? बिचारा लॅपटॉप म्हातारा झालाच नव्हता. दुखत होता फक्त गुडघा, म्हणजे हार्ड डिस्क.

म्हणजे बघा, हार्ड डिस्क आतून रेकॉर्ड प्लेयरसारखी असते. लॅपटॉपमधल्या बऱ्याचशा डिस्कच्या तबकड्या मिनिटाला 5400 वेळा फिरतात आणि एक बारीक हात त्यावर पुढे-मागे पळत हवी ती फाइल शोधतो. ऐकायला वेगवान वाटतं, पण तबकडीच्या एका फेरीला अकरा मिलिसेकंद लागतात. इकडे-तिकडे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या झाल्या तर हा गडी सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचतो. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप. तिथे हाच आकडा काही हजारांवर जातो. ही फ्लॅश मेमरी मुळात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात शोधली. आपल्या चहाच्या वेळेवर त्यांनी गदा आणली, पण माफ!

तर, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. 500 जीबीची अडीच इंची एसएसडी आणि ती बाहेरून जोडायला एक यूएसबी केसिंग घेतली. बिल नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ. दुकानदार पैसे मोजता मोजता म्हणाला, ‘‘मॅडम, क्लोन करने से पहले बाकी सब निकाल देनेका.’’ मी मान डोलावली. डोलावली फक्त.

आता दोन रस्ते असतात. एक म्हणजे नव्या डिस्कवर विंडोज कोरी टाकायची. नवं घर, नवं फर्निचर, अडगळ शून्य. पण मग प्रत्येक सॉफ्टवेअर पुन्हा टाका, पासवर्ड आठवा, प्रिंटर जोडा. दुसरा म्हणजे क्लोन. अख्खं बिऱ्हाड जसंच्या तसं उचलायचं, अगदी डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर (7)’ सकट. मी क्लोन निवडला. आळस, दुसरं काय!

शनिवारी रात्री बसले. क्लोनचं सॉफ्टवेअर दोनच प्रश्न विचारतं. सोर्स कुठली? डेस्टिनेशन कुठली? सोर्स सोपी, लॅपटॉपमधली 1 टीबीची डिस्क. डेस्टिनेशनसाठी मात्र दोन नावं समोर आली. दोन्ही यूएसबीवर, दोन्हींपुढे ‘465 जीबी’. (500 जीबीची डिस्क विंडोजला 465 च दिसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. फसवणूक वगैरे नाही.) दोन का? कारण माझी जुनी पोर्टेबल डिस्क मी काढलीच नव्हती. तीही 500 ची! ‘डेस्टिनेशनवरचा सगळा डेटा पुसला जाईल’ अशी सूचना आली. अशा सूचना आपण वाचतो का? ओके.

चारेक मिनिटांनी लक्षात आलं, की दिवा नव्या केसिंगचा लुकलुकत नाहीये. जुन्या डिस्कचा लुकलुकतोय.

केबल खेचली. हातपाय गार. त्या डिस्कवर कॉलेजपासूनचे फोटो होते, घरचे होते आणि बाबांच्या रिटायरमेंटच्या समारंभाचं सगळं होतं. ‘पण लॅपटॉपवर असेल ना?’ मैत्रिणीने विचारलं. नव्हतं. जागा कमी पडली म्हणून मीच ते सगळं तिकडे हलवलं होतं आणि मोठ्या तोऱ्यात त्या डिस्कला ‘बॅकअप’ म्हणत होते. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं, तर ते शिफ्टिंग. बॅकअप म्हणजे एकच वस्तू दोन ठिकाणी.

सोमवारी पुन्हा लॅमिंग्टन रोड. या वेळी डेटा रिकव्हरीवाल्याकडे. त्याने आधी विचारलं, ‘‘त्यानंतर डिस्कवर काही कॉपी केलं?’’ नाही म्हटल्यावर जरा सैलावला. हार्ड डिस्कवर पुसलं म्हणजे बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका फाटते, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पानं जागेवर असतात. चार मिनिटांत वीसेक जीबीवर लिहून झालं होतं, तेवढं गेलं. बाकीचं बरंचसं मिळालं, पण नावं-तारखांशिवाय. हजारो फोटो आणि नावाच्या जागी नुसते आकडे. ‘‘एसएसडी होती तर हेही मिळालं नसतं कदाचित,’’ तो म्हणाला. बरोबरच आहे. एसएसडीवर काही डिलीट केलं की विंडोज ‘ट्रिम’ नावाची आज्ञा पाठवते आणि डिस्क ती जागा स्वतःहून साफ करून ठेवते. वेगाची ही किंमत. जुनी डिस्क मरण्याआधी निदान कुरकुरते तरी. एसएसडी बऱ्याचदा न बोलता जाते.

समारंभाचे फोटो बरेचसे आले. व्हिडिओ आला नाही. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलले होते, तो.

पुढच्या शनिवारी मी काम पुन्हा केलं, या वेळी शहाण्या माणसासारखं. तीन तास लागले. आता लॅपटॉप वीस सेकंदांच्या आत उघडतो. चहा नंतर प्यावा लागतो! तुमच्याही डोक्यात असं शिफ्टिंग असेल, तर माझ्या खर्चाने शिकून घ्या:

आधी बघा, मग घ्या. काही लॅपटॉपमध्ये अडीच इंची सॅटा एसएसडी बसते, काहींमध्ये एम-टू. एम-टूमध्येही सॅटा आणि एनव्हीएमई वेगळी. काही पातळ मशीनमध्ये, बऱ्याच मॅकबुकमध्येसुद्धा, स्टोरेज बोर्डवरच जोडलेलं असतं, तिथे हा खेळच नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. तेव्हा तुमचं मशीन 11 घेतं का, हेही खर्चाआधी तपासा.

महत्त्वाचं सगळं दोन ठिकाणी ठेवा, मगच क्लोनला हात लावा. दुसरी कॉपी उघडून बघा. नुसती ‘आहे’ म्हणू नका.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर आधी बंद करा आणि 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर नव्या घराला कुलूप आणि किल्ली जुन्या घरात!

क्लोनच्या वेळी दोनच डिस्क जोडलेल्या हव्यात, जुनी आणि नवी. बाकी सगळ्या यूएसबी बाहेर. चार्जर लावलेला, स्लीप बंद.

डिस्क बदलताना मशीन पूर्ण बंद करा, बॅटरी काढा किंवा तिची पिन सोडवा. पहिल्यांदा फक्त नवी डिस्क लावून सुरू करा. सगळं ठीक चाललं तरी जुनी लगेच पुसू नका, दोन-तीन आठवडे कपाटात राहू द्या.

आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर हे प्रयोग करू नका. त्यासाठी आयटीवाले आहेत.

बाबांना व्हिडिओचं सांगायला मला तीन दिवस लागले. फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘अगं, भाषण पाठ आहे मला. ये रविवारी, परत करतो.’’ गेले. त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. मूळ भाषण तीन मिनिटांचं होतं, हे अकरा मिनिटं चाललं. आई मधूनमधून ‘हे तेव्हा नव्हतं हो’ म्हणत होती.

दोन ठिकाणी ठेवलंय. दोन्हीकडे उघडून पाहिलंय.